नावापुढचं अक्षर

17 सप्टेंबर 2024, मंगळवार

आज अनंत चतुर्दशी. वाकडी बारवेवरून मिरवणूक निघाली की मेन रोड, रविवार कारंजा सगळं बंद. मग आमच्या मखमलाबाद नाक्याकडेही गिऱ्हाईक फारसं फिरकत नाही. दुपारी दुकान रिकामं होतं, तेव्हा औषधदक्षता सप्ताहाचं पोस्टर लावून घेतलं. 2021 पासून दरवर्षी 17 ते 23 सप्टेंबर हा सप्ताह असतो आणि बहुतेक वेळा तो गणपतीच्या नाहीतर पितृपक्षाच्या गडबडीत कुणाच्या लक्षातही येत नाही.

मामांनी चष्मा कपाळावर सरकवून पोस्टर वाचलं. "गोळीचा त्रास झाला तर सरकारला कळवायचं? आणि सरकार काय करणार?" प्रश्न रास्त आहे. दुकानात चाळीस वर्षं काढलेला माणूस असाच विचारणार. अशा नोंदी ठेवायची योजना देशात 2010 मध्ये सुरू झाली. तिचं केंद्र आता गाझियाबादला, इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. तिथून नोंदी स्वीडनमधल्या उप्सालाला, जागतिक आरोग्य संघटनेच्या साठ्यात जातात. एकाच्या खाजेवरून काही ठरत नाही. पण ठिकठिकाणचे लोक एकाच गोळीकडे बोट दाखवायला लागले, तर तपासणी होते आणि त्या गोळीच्या माहितीपत्रकात एखादी ओळ वाढते. पेशंटनं स्वतः भरायचा फॉर्म मराठीतही मिळतो. फोन करायचा तर 1800-180-3024, पैसे पडत नाहीत.

हे सगळं मामांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं. आता मोदक काढ."

20 सप्टेंबर, शुक्रवार

मखमलाबादहून अण्णा आले. नेहमीचे. त्यांची द्राक्षाची बाग आहे. काउंटरवर दोन्ही हात पालथे ठेवून म्हणाले, "ताई, गाजरगवतानं वाट लावली बघा. छाटणीच्या आधी बाग साफ करून घेतोय ना. रातच्याला नुसती आग-आग होती."

हात बघितले. मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत कातडी लालसर-काळपट, जाड झालेली, मध्ये मध्ये खाजवून पापुद्रे निघालेले. पण अर्ध्या बाहीचा सदरा जिथे संपतो, तिथेच पट्टी लावून रेघ मारावी तसा लालपणा संपला होता. डाव्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याएवढी चांगली कातडी. म्हटलं, सदऱ्याचं वरचं बटण काढा. गळ्याशी लाल त्रिकोण. मान वर करा म्हटलं, तर हनुवटीखाली काही नाही. कानामागेही नाही. पापण्या स्वच्छ.

इथे मला गाजरगवत पटेना. त्याची ॲलर्जी आमच्याकडे पावसाळ्यानंतर रोज दिसते. त्याचे बारीक कण हवेतून येतात आणि जिथे घडी पडते, जिथे सावली असते, तिथेही जाऊन बसतात. पापण्या सुजतात, कानामागे, हनुवटीखाली, मानेच्या वळ्यांत, कोपराच्या आतल्या बाजूला जास्त त्रास होतो. अण्णांच्या अंगावर नेमकी हीच ठिकाणं कोरी होती. म्हणजे ऊन लागतं तेवढंच बिघडलेलं. अर्थात जुनाट झालं की गाजरगवतही कधी कधी उन्हाच्या भागावर उतरतं, म्हणून शेवटचा शब्द त्वचारोगतज्ज्ञांचा. पण शंका घ्यायला एवढं पुरे.

गाजरगवतानं मात्र महाराष्ट्रात पुष्कळ छळलेलं आहे, त्यामुळे अण्णांनी त्याचं नाव घ्यावं हे साहजिकच. 1950 च्या दशकाच्या मध्यात ते पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं. अमेरिकेतून आलेल्या गव्हातून बी आलं असं सगळे सांगतात. सत्तरच्या दशकात पुण्याकडच्या रुग्णांवर शोधनिबंध निघाले. इतक्या वर्षांत त्याच्यावर इतकं खापर फुटलंय की दुसऱ्या कुणावर संशयच जात नाही.

मी विचारलं, "अण्णा, बीपीची गोळी कधी बदलली?"

"आखाडात. पहिलीनं उतरत नव्हतं म्हणून डॉक्टरांनी पावर वाढवून दिली."

पावर वाढवलेली नव्हती. खिशातून निघालेल्या तुकड्यावर नावापुढे एक 'एच' होतं. पहिल्या गोळीत फक्त टेल्मिसार्टन होतं, नव्या गोळीत त्याच्या जोडीला हायड्रोक्लोरोथायझाइड आलं. लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर टाकून दाब उतरवणारं, स्वस्त, कामाचं, 1959 पासून वापरात असलेलं औषध. एखाद्याची कातडी मात्र ते उन्हाला हळवी करतं. सूर्यप्रकाशातले लांब लहरींचे अतिनील किरण आणि कातडीत पोचलेलं हे औषध एकत्र आले की दाह सुरू होतो. पहिल्याच दिवशी होईल असं नाही, आठवडे-महिने लागतात. म्हणून कुणाला गोळी आठवत नाही, काल काढलेलं गवत आठवतं.

अण्णांच्या दुसऱ्या खिशात एक मलम होतं. कुणीतरी नायटा समजून दिलेलं, त्यात कडक स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र. या मलमांचा मला मनापासून राग आहे. चार दिवस बरं वाटतं, निदान मात्र महिनाभर पुढे जातं.

ते म्हणाले, "मग गोळी आजपासून बंद?"

"बंद नाही. आज नाहीतर उद्या डॉक्टरांना हात दाखवा, ते बदलून देतील. तोवर पूर्ण बाहीचा सदरा घाला, आणि दुपारी बागेत जाऊ नका."

"दुपारी बागेत नाही जायचं?" अण्णा हसले. हे सांगणं सोपं आहे हे मलाही कळतं.

23 सप्टेंबर, सोमवार

अण्णा चिठ्ठी घेऊन आले. कॉलेज रोडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी तेच म्हटलंय. 'एच'वाली गोळी थांबवून फिजिशियनशी फोनवर बोलले, आता टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन. लावायला वेगळं मलम, थोडेच दिवस.

फॉर्म भरायला बसलो. पेशंटचं पूर्ण नाव लागत नाही, आद्याक्षरं पुरतात. वय, त्रास केव्हा सुरू झाला, संशयित औषध, मात्रा, सुरू केल्याची तारीख, थांबवल्याची तारीख. थांबवल्यावर कमी झालं का, हा रकाना आज मोकळा. मग उत्पादकाचं नाव आणि बॅच नंबर. तिथे गाडी अडली. अण्णांच्या हातातला तुकडा म्हणजे स्ट्रिपचा कोपरा. चार गोळ्यांची जागा, त्यांतली एक शिल्लक. बॅच, तारीख, किंमत सगळं दुसऱ्या तुकड्यावर, आणि तो तुकडा ज्या दुकानातून ही गोळी घेतली त्यांच्या डब्यात.

दोन-दोन, चार-चार गोळ्या मागणारे रोज येतात. पंधराच्या स्ट्रिपचे पैसे एकदम काढणं सगळ्यांना परवडत नाही, त्यांना पाठवून कसं देणार? कापून द्यावीच लागते. पण कापणारा हात नेहमी छापील बाजू आपल्याकडे ठेवतो, कारण उरलेली स्ट्रिप त्याला विकायची असते. पेशंटकडे जातं ते नुसतं चंदेरी कागदात बसलेलं बटण. घरी ते कुंकवाच्या करंड्याशेजारी पडतं आणि त्याचं नाव होतं 'ती सकाळची'.

बॅचचा रकाना तसाच ठेवून फॉर्म पाठवला. त्याच्यावाचून फॉर्म बाद होत नाही.

27 सप्टेंबर, शुक्रवार

एक निवृत्त शिक्षिका. चिठ्ठीवर 'एच'वाली गोळी, पहिल्यांदाच. काउंटरवर गुगल करूनच आल्या होत्या. "मला सल्फाची ॲलर्जी आहे. तरुणपणी जुलाबाच्या गोळीनं अंगभर चट्टे उठले होते. हायड्रोक्लोरो-का-काय ते सल्फाच आहे ना?"

प्रश्न चांगला होता. रसायन बघितलं तर हो, त्यात सल्फोनामाइडचा तुकडा आहे. फ्युरोसेमाइडमध्येही आहे, मधुमेहाच्या काही गोळ्यांतही आहे. पण सल्फा अँटिबायोटिकच्या रचनेतले जे भाग ॲलर्जी उठवतात असं मानतात, ते या गोळ्यांत नाहीत. 2003 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक मोठा अभ्यास आला होता. सल्फा अँटिबायोटिकची ॲलर्जी असलेल्यांना या दुसऱ्या गोळ्यांची रिअ‍ॅक्शन इतरांपेक्षा जास्त येते हे खरं निघालं, पण त्याच लोकांना पेनिसिलिनची त्याहूनही जास्त येत होती. म्हणजे सल्फाचं नातं नाही, त्या माणसांचाच पिंड ॲलर्जीचा.

बाईंना म्हटलं, डॉक्टरांच्या कानावर घाला, पण घाबरून परत फिरवू नका. बाईंनी तिथूनच फोन लावला. डॉक्टर म्हणाले, घ्या, आणि चट्टा उठला तर कळवा. निदान त्यांच्या फाइलवर आता 'सल्फा' लिहिलेलं राहील. फायलींवर ॲलर्जीच्या रकान्यात 'नाही' असं न विचारताच लिहिलेलं मी इतक्या वेळा पाहिलंय की त्या रकान्यावर माझा विश्वास उरलेला नाही.

3 ऑक्टोबर, गुरुवार

घटस्थापना. दिंडोरी रोडनं सप्तशृंगी गडाकडे पायी निघालेले जथे सकाळपासून. बँडेज, मलम, ओआरएस यांचीच विक्री.

त्यांतला एक पन्नाशीचा गृहस्थ. "पाय सुजलेत, गोळीची ॲलर्जी आलीय, पित्ताची गोळी द्या." मोजा खाली केला तर घोट्याच्या वर इलॅस्टिकची खोल खाच. अंगठा दाबून काढला की खड्डा राहत होता. खाज नाही, चट्टा नाही, दोन्ही पाय सारखे. घेतात ॲम्लोडिपिन, दहाची.

ही ॲलर्जी नव्हे. या गोळीनं बारीक रोहिण्या सैलावतात, म्हणून तर दाब उतरतो. पण नीला तितक्या सैलावत नाहीत. मग केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी भोवतालच्या मांसात झिरपतं. दिवसभर उभं राहिलं, चाललं, की संध्याकाळी जास्त. पाच मिलिग्रॅमपेक्षा दहाला जास्त. पित्ताच्या गोळीनं काहीही होत नाही, आणि लघवीच्या गोळीनंही फारसं नाही, कारण अंगात पाणी साठलेलं नसतं, जागा बदललेली असते. डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा टेल्मिसार्टनसारखी जोड देतात. हिरड्या फुगणं हाही याच गोळीचा एक त्रास, तो दाताच्या डॉक्टरांना आधी कळतो. अर्थात पाय सुजण्याची कारणं हृदय, मूत्रपिंड, यकृत अशीही असतात. म्हणून गडावरून उतरल्यावर दाखवा म्हटलं.

"देवीला जाऊन येतो, मग बघू." गेले.

6 ऑक्टोबर, रविवार

काल रात्री दहाला नणंदेचा फोन, सिडकोतून. "वहिनी, आबांचा ओठ सुजलाय. मुंगी चावली असेल. सिट्रिझिन दिली, तासभर झाला, उतरत नाही."

"खाज आहे? अंगावर पित्त उठलंय?"

"नाही. नुसता ओठ, तोही एका बाजूनं. टम्म झालाय."

"आबांना फोन दे." आबा बोलले आणि आवाज ऐकून माझ्या पोटात गोळा आला. जाड जिभेनं बोलावं तसे शब्द येत होते. आबांना अँजिओप्लास्टी झाल्यापासून रॅमिप्रिल चालू आहे, तीन वर्षं होऊन गेली. म्हटलं, एकही मिनिट घालवू नका, इमर्जन्सीत न्या आणि गोळ्यांचा डबाच बरोबर घ्या.

रात्रभर हॉस्पिटलात ठेवलं. घशापर्यंत सूज गेली नाही, पहाटे उतरायला लागली, आज दुपारी आबा चहा प्यायले. रॅमिप्रिल कायमची बंद.

तीन वर्षं सोसलेली गोळी अचानक कशी उलटते, हे नणंदेला पटेना. पटण्यासारखं नाहीच, पण असं होतं. नेहमीच्या ॲलर्जीत हिस्टामिन असतं, म्हणून पित्ताची गोळी लागू पडते. इथे खेळ ब्रॅडिकायनिनचा. ब्राझीलमध्ये मॉरिसियो रोशा ए सिल्व्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या जराराका सापाच्या विषावर काम करताना तो शोधला. चावलेल्या माणसाचा रक्तदाब का कोसळतो, हे त्यातून उलगडत गेलं आणि पुढे त्याच विषाच्या धाग्यावरून कॅप्टोप्रिल तयार झालं. अमेरिकेत त्याला 1981 मध्ये परवानगी मिळाली. रॅमिप्रिल, एनालाप्रिल ही त्याचीच भावंडं. ही औषधं ज्या एन्झाइमला अडवतात, तेच एन्झाइम ब्रॅडिकायनिन मोडायचं काम करतं. ते साठल्यानं काहींना फक्त कोरडी ढास लागते. हजारात एक ते सात जणांचा मात्र ओठ, जीभ, क्वचित घसा सुजतो. पहिल्या आठवड्यात, नाहीतर वर्षांनंतर. सिट्रिझिन, स्टेरॉइड यांचा फारसा उपयोग नाही. श्वासाची वाट सांभाळणं महत्त्वाचं, आणि ते घरी होत नाही.

आबांच्या पाकिटात मी एक चिठ्ठी ठेवली: 'रॅमिप्रिल आणि शेवटी प्रिल असलेली कोणतीही गोळी देऊ नये, ओठ-जीभ सुजते.' आबा म्हणाले, "पाकीट कोण बघणार?" मग तेच नातवाच्या मोबाइलमध्येही टाकलं.

12 ऑक्टोबर, शनिवार

दसरा. काउंटरला, बिलाच्या कॉम्प्युटरला झेंडूच्या माळा. पूजेनंतर मामांचं जुनं पालुपद: पूर्वी सर्पगंधावर बीपी राहायचं, ना खाज ना सूज, आयुर्वेदिक ते आयुर्वेदिकच.

सर्पगंधाची थोरवी खरीच आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जल वकील यांनी 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये त्यावरचा निबंध छापला आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. 1957 मध्ये त्यांना अमेरिकेचं लास्कर पारितोषिक मिळालं. पण त्याच मुळीतून काढलेल्या रेझर्पिननं नाक चोंदायचं, झापड यायची, आणि काहींना इतकी उदासी यायची की औषध थांबवावं लागे. वनस्पतीची गोळी आहे म्हणून तिला त्रास माफ, असं होत नाही. मामांनी आपट्याचं पान हातात ठेवलं आणि विषय मिटवला.

19 ऑक्टोबर, शनिवार

अण्णा आले, पूर्ण बाहीचा सदरा. हात मऊ पडलेत, आग थांबली. काळे डाग आहेत, ते जायला वेळ लागेल. 'थांबवल्यावर कमी झालं का?' हे आता कळवता येईल. त्यांची छाटणी चालू आहे, सकाळी सात ते अकरा आणि चारनंतर. दुपारचं काम मुलावर सोपवलंय.

"ताई, मी पिकअप चालवतो, तर माझा उजवा हात जास्त का बिघडला होता? काच तर बंद असती."

काच बंद असली तरी लांब लहरींचे हे अतिनील किरण गाडीच्या बाजूच्या काचेतून बऱ्यापैकी आत येतात. ढगाळ दिवशीही येतात. अण्णांनी स्वतः हे हेरलं, याचं मला कौतुक वाटलं.

पण त्यांच्याबरोबर शेजारच्या मळ्यातले भाऊसाहेब होते आणि खरा घोळ त्यांचा. अण्णांचे हात बघून त्यांनी दसऱ्यापासून आपली गोळी सोडली होती. तीच 'एच'वाली. तीन वर्षं घेतायत, अंगावर एक पुटकुळी नाही. "गरम पडती म्हणे ती. आणि पुतण्यानं मोबाइलवर दाखवलं, कॅन्सर बी होतो."

दुकानातल्या मशीनवर दाब 186/108. पाच मिनिटं बसवून पुन्हा घेतला, 182/106. डोकं दुखतंय का, छातीत काही, हातपाय जड? नाही म्हणाले.

कॅन्सरची बातमी अर्धीच खरी आहे. डेन्मार्कच्या नोंदींवरून हे औषध पुष्कळ वर्षं घेणाऱ्यांत त्वचेचे काही कॅन्सर जास्त दिसले. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ऑगस्ट 2020 मध्ये माहितीपत्रकात तशी ओळ घातली. पण धोका थोडा आणि तो प्रामुख्यानं गोऱ्या कातडीला. दाब न उतरवण्याचा धोका त्यापेक्षा मोठा, असं त्याच प्रशासनानं सांगितलंय. पुतण्याच्या मोबाइलवर हे दुसरं वाक्य आलं नव्हतं.

भाऊसाहेबांना सरळ विचारलं, "तुमच्या गावात अर्धांगवायू झालेली माणसं किती?" त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि थांबले. अण्णांच्याच पिकअपमधून त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं.

24 ऑक्टोबर, गुरुवार

आज एक काम केलं. स्ट्रिप कापताना छापील बाजू गिऱ्हाइकाला द्यायची, आणि तसं जमत नसेल तर कागदी पाकिटावर गोळीतली औषधं मराठीत लिहायची, बॅचसकट. पोऱ्या कुरकुरला, गर्दीच्या वेळी जमणार नाही म्हणाला. जमेल तेवढं करू. बीपी, शुगर आणि फिटच्या गोळ्यांना तरी.

संध्याकाळी भाऊसाहेब. दाब 148/90. डॉक्टरांनी तीच गोळी परत लिहून दिलीय, सोसते आहे तर बदलायची कशाला म्हणून. भाऊसाहेब काउंटरवर वाकून हळू आवाजात म्हणाले, "ताई, तेवढं ते एच दिसणार नाही असं कापून द्या. घरी मंडळी वाचत्यात, मग कटकट होती."

"उलट वाचू द्या. आणि हाताला, मानेला काही उठलं तर त्यांनाच आधी दिसेल."

त्यांनी पंधराची अख्खी स्ट्रिप घेतली, वर पावती मागून घेतली आणि घरच्यांना समजावायला म्हणून माझा नंबरही.